पाहुणा, उंबरठा आणि घराची पत

मुलुंड पूर्वेकडील एका जुन्या इमारतीत, दोन खोल्यांच्या घरी, दिवाळीनंतर सांगलीकडचे पाहुणे उतरले. बोरिवलीच्या तीनमूर्तीचे दर्शन घ्यावे, नातलगांच्या भेटी व्हाव्यात, एवढाच हेतू होता. यजमानांचा स्टेशनजवळ हळद-मसाल्याचा लहानसा गाळा. पाहुण्यांत त्यांच्या चुलत आत्याबाई, त्यांची सून आणि सुनेची सात व नऊ वर्षांची दोन मुले.

चहाचे कप खाली ठेवण्यापूर्वीच आत्याबाईंची चौकशी सुरू झाली. गाळा भाड्याचा की मालकीचा? कर्ज किती राहिले? थोरलीचे ठरत आलेले स्थळ कुणाकडून फिसकटले? यजमान हसून विषय टाळत होते. इकडे मुलांनी शोकेसमधील वस्तू हाताळून झाल्यावर कपाटाचा खण उघडला आणि त्यातील एका कागदाचे विमान केले. ते विमान नेमके आत्याबाईंच्या मांडीवर येऊन पडले. कॅश क्रेडिटची मर्यादा ओलांडली गेल्याबद्दलचे ते बँकेचे पत्र होते.

बाब किरकोळ होती. सणाची उधारी वसूल व्हायची होती. ती आली आणि आठ दिवसांत खाते पूर्ववत झाले. परंतु तोवर ‘मुलुंडचे जरा ओढाताणीत आहेत’ हे वाक्य सांगलीला पोहोचले होते आणि तेथून नात्यातल्या नात्यात वाशीच्या मसाला बाजारातही. पुढच्या खेपेस घाऊक व्यापाऱ्याने अत्यंत सौजन्याने सांगितले, “या वेळी रोखीने नेता का?” कुणी खोटे बोलले नव्हते, कुणी काही चोरले नव्हते. तरीही वीस वर्षे चालत आलेली तीस दिवसांची उधारी एका वाक्याने थांबली. झाकली मूठ सव्वा लाखाची असे व्यापारी माणूस म्हणतो, ते उगाच नव्हे.

आत्याबाईंच्या मनात वैर नव्हते. होती ती काळजी आणि तिच्या जोडीला सवय. म्हणूनच हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या प्रत्येक व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटा दस्तऐवज करणे आहे, न्यासापहार म्हणजे ठेव बुडवणे आहे आणि त्यांच्याच पंक्तीला साकारमंत्रभेदही आहे. दुसऱ्याच्या हावभावावरून वा प्रसंगावरून त्याचे मनोगत ओळखून ते उघड करणे, हा त्याचा अर्थ. बुडवलेली ठेव आणि फोडलेले गुपित शास्त्राने एकाच रांगेत बसवले, ही गोष्ट पेढीवर बसणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अनर्थदंडविरतीच्या अतिचारांत मौखर्य आहे, म्हणजे कारणावाचून केलेली बडबड. त्यातून कुणाचा लाभ होत नाही, हानी मात्र होऊ शकते.

व्यवहारानेही हेच तत्त्व स्वीकारले आहे. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यासंबंधीच्या १९७० च्या कायद्यातील १३ व्या कलमाने खातेदारांच्या व्यवहाराची गुप्तता पाळण्याचे बंधन बँकांवर घातले आणि अधिकाऱ्यांनी तशी निष्ठेची व गुप्ततेची प्रतिज्ञा करावी असे ठरवले. सख्खा भाऊ काउंटरवर आला तरी भावाच्या खात्यातील शिल्लक त्याला सांगितली जात नाही, आणि त्यात कुणाला अपमानही वाटत नाही. तीच शिल्लक घरात चहाबरोबर विचारली जाते, आणि न सांगणारा मात्र आखडू ठरतो.

तथापि दोष केवळ पाहुण्याच्या पदरात टाकून यजमानास मोकळे होता येत नाही. बारावे व्रत अतिथिसंविभागाचे. त्याचा मूळ अर्थ मुनींना आहारादी दान देणे असा असला, तरी घरोघरी त्याच भावनेने साधर्मिकाचे ताट वाढले जाते. याही व्रताचे अतिचार आहेत. त्यांतील मात्सर्य म्हणजे देताना मनात आदर नसणे, आणि परव्यपदेश म्हणजे स्वतःची वस्तू दुसऱ्याची म्हणून सांगणे. पाहुणे येणार म्हटल्यावर ‘आम्ही त्या दिवशी बाहेरगावी आहोत’ अशी थाप मारणारा यजमान पाहुण्याच्या एका दोषापासून सुटतो आणि स्वतःच्या दुसऱ्या दोषात अडकतो.

पूर्वी परगावचा जैन मनुष्य मुंबईत आला की सी. पी. टँकवरील हिराबागेसारख्या धर्मशाळेत उतरे आणि नातलगांकडे एखाद्या वेळचे जेवण घेई. भुलेश्वर-काळबादेवीची बिऱ्हाडे घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडे सरकली, तशी पाहुण्यांची वळकटीही थेट घरात येऊ लागली. गावच्या वाड्यात ओसरी, माजघर आणि कोठीची खोली असे टप्पे असत. परका कुठवर येणार हे भिंतीच ठरवत. उपनगरातील दोन खोल्यांत बैठक, वहीखाते, देवघर आणि औषधांचा डबा हे सारे दहा पावलांत असते. म्हणून जे काम भिंती करीत, ते आता माणसांना करावे लागते.

मुलुंडच्या त्या घरात ते यजमानांच्या आईने केले. उन्हाळ्याच्या सुटीत तेच पाहुणे पुन्हा यायचे ठरले, तेव्हा त्यांनी नकार दिला नाही. आदल्या दिवशी कागदपत्रांचे कपाट कुलूपबंद केले आणि औषधे वरच्या फळीवर ठेवली. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ फोनवरच कळवली. मुले दारात येताच त्यांना जवळ घेऊन, त्यांच्या आईच्या देखत, तीनच नियम सांगितले. कपाट विचारल्याशिवाय उघडायचे नाही, खिडकीच्या कट्ट्यावर चढायचे नाही आणि देवघरात हातपाय धुऊनच यायचे. आवाज चढला नाही. पण तिन्ही नियम मुलांकडून परत म्हणवून घेतले.

नियमांनी हात बांधले जातात, गुंतत नाहीत. म्हणून आजीबाईंनी गाळ्यावरचा जुना तराजू, धणे-बडीशेपेच्या दोन वाट्या आणि एक कोरी वही मुलांपुढे ठेवली. सारी दुपार दुकान चालले. नऊ वर्षांच्या मालकाने वहीत लिहिले, ‘आजी, धणे पाव किलो, उधार.’ आणि ती वही तो सर्वांना दाखवीत सुटला. आजीबाई म्हणाल्या, “शेठ, गिऱ्हाइकाची उधारी चारचौघांत वाचायची नसते. नाहीतर उद्या मी दुसऱ्या दुकानात जाईन.” मुलाने वही मिटून मांडीखाली ठेवली.

आत्याबाईंच्या प्रश्नांना त्यांनी खोटी उत्तरे दिली नाहीत. “देवदयेने चाललंय,” एवढेच खरे आणि पुरेसे उत्तर दिले; पुन्हा विचारले तेव्हा, “तो विषय मुलाचा आहे, त्यात मी पडत नाही,” असे सांगितले. थोरलीच्या स्थळाचा प्रश्न तिच्या देखत निघाला, तेव्हा तिला देवदर्शनाला पाठवले. खरे बोलणे तेवढे संध्याकाळी स्वयंपाकघरात, दोघीच असताना, झाले.

“वन्सं, ते बँकेचं पत्र सांगलीत पोहोचलं, आणि वाशीतही.”

आत्याबाईंचा चेहरा उतरला. “वहिनी, मी काळजीपोटी बोलले हो.”

“काळजी होती तर मला विचारायचं होतं, सांगलीला नाही.”

बराच वेळ दोघी गप्प राहिल्या. मग आत्याबाईंनी न सांगता निवडायचे ताट पुढे ओढले. त्या रात्री कुणाच्या घरची कुठलीच गोष्ट निघाली नाही.

या घरातून शिकण्याजोगे एवढेच, की पाहुणचार आणि मर्यादा या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. तक्रार पाहुण्याच्या पाठीमागे शेजारी केली तर तीही मौखर्यच. ती ज्याची त्याला, एकांतात आणि एकदाच सांगावी. दुसऱ्याचे मूल आपल्या घरात असताना त्याला मायेने नियम सांगण्याचा अधिकार यजमानास आहे, आणि मुलाच्या आईने त्यात राग मानू नये. आणि दुसऱ्याच्या उंबरठ्यातून आत जाताना प्रत्येकाने हेही आठवावे, की तेथे आत्याबाई होण्याची पाळी आता त्याची आहे.

वाशीची उधारी पुन्हा सुरू झाली, पण पंधरा दिवसांची. तीस दिवसांची व्हायला आणखी काळ लागेल. भाद्रपदात क्षमावाणीच्या दिवशी सकाळीच सांगलीहून फोन आला. दरवर्षी सर्वांना एकदम ‘उत्तम क्षमा’ म्हणून फोन ठेवणाऱ्या आत्याबाईंनी या वेळी वहिनींना बोलावून घेतले आणि नाव घेऊन क्षमा मागितली. वहिनींनीही मागितली. “दिवाळीत परत येणार होतात, याच,” एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.