नेपाळला शिकवायला जायचंय? मग आधी हे वाचा



नेपाळच्या डोंगरातल्या एखाद्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून शिकवायला जायचं, असं आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या तरुण मुलामुलींच्या तोंडून हल्ली ऐकायला मिळतं. १९५० च्या करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. पाट्यासुद्धा देवनागरीत! परदेश असून परका वाटत नाही, आणि म्हणूनच कोणी फारशी तयारी करत नाही. बॅग मात्र महिनाभर आधी भरलेली असते.

साधी गोष्ट घ्या. बरेच जण म्हणतात, दिवाळीच्या सुट्टीत जाऊन येतो. पण आपल्या दसरा-दिवाळीलाच त्यांचे दसैं आणि तिहार असतात, आणि ते त्यांचे वर्षाचे सगळ्यात मोठे सण. शाळेला कुलूप असतं. त्यांचं शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. साप्ताहिक सुट्टी परंपरेने शनिवारची, म्हणून तिथले बहुतेक ख्रिस्ती लोक उपासनेलाही शनिवारीच जमतात. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात शाळांच्या हजारो खोल्या कोसळल्या, पण तो दिवस शनिवार होता, वर्ग रिकामे होते. ज्या गावात आपण शिकवणार, त्या गावाला हा शनिवार कसा आठवत असेल, याची जाण घेऊन तरी जावं.

दुसरी गोष्ट भाषेची. लिपी वाचता आली म्हणजे भाषा आली असं नाही. आपण मराठीत ‘शिक्षा’ म्हटलं की मूल हात मागे घेतं, नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण. शिवाय त्या मुलाची घरची भाषा नेपाळीच असेल असंही नाही, ती तामाङ असेल, मगर असेल. २०२१ च्या जनगणनेत तिथे १२४ मातृभाषांची नोंद झाली. घरात मराठी आणि कचेरीत कन्नड, अशात वाढलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचं क्रिस्तपुराण राचोलला छापलं गेलं १६१६ साली. मधली सदतीस वर्षं मोजा. आपल्याला एवढी नकोत, पण सहा महिने रोज अर्धा तास नेपाळी शिकणं जमणार नसेल, तर मुलांसमोर उभं राहून आपण नेमकं काय करणार?

आता अवघड मुद्दा. धर्मशिक्षक म्हणून मला हमखास विचारतात, “तिथे ख्रिस्ताचं नाव घ्यायचं नसेल तर जायचं कशाला, सर?” नेपाळच्या कायद्याने दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. पण समजा हा कायदा नसता, तरी माझं उत्तर तेच राहिलं असतं. आईबापांनी मूल आपल्याकडे गणित शिकायला पाठवलंय. त्या विश्वासाच्या आडून दुसरं काही करणं ही लबाडी आहे, मग ती कितीही चांगल्या हेतूने केलेली असो. आणि तुम्हाला मोकळं सोडलं जाईल, त्रास होईल तो गावातल्या दोन-चार ख्रिस्ती कुटुंबांना. फादर मार्शल मोरन आणि त्यांच्या येशूसंघीय सोबत्यांनी १९५१ साली काठमांडूजवळ गोदावरीला शाळा काढली, आणि शाळाच चालवली. प्रभूनेही नाझरेथमध्ये वर्षानुवर्षं सुतारकाम केलं. ती वर्षं वाया गेली असं आपण कधी म्हणत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय निघण्याआधी पुन्हा वाचा. बहात्तर जणांना पाठवताना प्रभू थैलीही घेऊ देत नाही. एकाच घरी राहा, पुढे येईल ते खा, घरं बदलत फिरू नका, असं सांगतो. मला वाटतं, खेड्यातल्या शाळेत जाणाऱ्याला यापेक्षा नेमक्या सूचना कोणी दिलेल्या नाहीत. रोज दोन वेळा डाळभात, तक्रार न करता!

मात्र पैसे घेऊन स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेला प्रश्न विचारायला लाजू नका. शाळेला यातलं किती मिळतं? मी वर्गात असताना तिथला पगारी शिक्षक कुठे असेल? त्याला घरी बसवून मी शिकवणार असेन तर न गेलेलं बरं. त्याच्या हाताखाली, त्याच्याच पुस्तकातून शिकवायचं, म्हणजे आपण परतल्यावर धडा तुटत नाही. जी संस्था तुमचं पोलीस व्हेरिफिकेशन मागत नाही, ती इतर कोणाचंही मागत नसणार, आणि अशा ठिकाणी मुलं सुरक्षित नसतात. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, हे वेगळं सांगायला हवं का?

फादरांच्या शिफारसपत्रासाठी आधी माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच अट सांगतो. जून ते मार्च, एकही रविवार न चुकवता, इथला एक वर्ग घ्या. चौथीच्या वर्गाला यंदाही शिक्षक मिळालेला नाही. एकोणतीस मुलं आहेत, आणि ती मराठीच बोलतात.