धुणं फक्त ताईनंच का धुवायचं?

संक्रांतीला सोलापूरला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. आई यंदा मावशीकडं गेली होती. येताना तिनं एक सोलापुरी चादर आणली. पांढरी, वर निळी नक्षी. साडेपाचशे रुपयांची. आमच्या भूम तालुक्यात खवा लई होतो. आई म्हशीचं दूध खव्याच्या भट्टीला घालते. त्या पैशातून तिनं आठवड्याला पन्नास असे अकरा आठवडे डब्यात टाकले होते. चादर मामासाठी होती. मामा आले की आपल्याकडं अंथरायला चांगलं काही नाही, असं आई नेहमी म्हणायची.

एके दिवशी आई शेतात आणि ताई हायस्कूलात होती. शेळीचं करडू घरात शिरलं आणि त्यानं चादरीवर घाण केली. मला वाटलं, आई यायच्या आत धुऊन टाकू. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाचा फेसच होत नाही. सरांनी सांगितलं आहे की अशा पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्याला कठीण पाणी म्हणतात. म्हणून मी चुलीवर पाणी कडक तापवलं, धुण्याचा सोडा टाकला आणि चादर भिजवली. जवळ ताईची नवी लाल ओढणी पडली होती. म्हटलं, तिचंही काम होईल. ती पण टाकली आणि विटीदांडू खेळायला गेलो.

परत येऊन बघतो तर चादरीवर गुलाबी डागच डाग! एक डाग तर बैलाच्या तोंडासारखा. मी गुपचूप वाळत घातली.

आई आली. ती मला काहीच बोलली नाही. ताईला बोलली. "एवढी मोठी झालीस, रंगीत कपडा वेगळा भिजवायचा कळत नाही?" ताई म्हणाली, मी धुतलीच नाही. कुणाला खरं वाटलं नाही, कारण आमच्या घरात धुणं तीच धुते. ताई रडली. मी भाकरी खात होतो. दोन दिवस मी गप्प बसलो. हे लिहायला मला लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी आईला सांगितलं. वाटलं मार बसणार. आई एवढंच म्हणाली, "आधी ताईला सांग."

आता माझं मत. आईनं माझं नावसुद्धा घेतलं नाही, कारण पोरगा धुणं धुतो हे कुणाच्या मनातच येत नाही. आज्जी तर म्हणते, पोरांनी धुणं धुवू नये. मग परीट कोण असतात? गाडगेबाबा परीट घरात जन्मले आणि हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली. त्यांची 20 डिसेंबरला पुण्यतिथी असते. मला कुणी धुवायला शिकवलं असतं तर चादर वाचली असती, आणि ताईवर आळही आला नसता. म्हणून चौथीच्या सगळ्या मुलांनी रविवारी आपला गणवेश आपण धुवावा, असं मला वाटतं. आलेल्या पालकांनीही हे घरी बोलून बघावं.

ताईनं मला शिकवलं ते सांगतो. नवा रंगीत कपडा आधी कोपऱ्यात ओला करायचा आणि पांढऱ्या फडक्यानं दाबायचा. फडक्याला रंग लागला तर तो कपडा वेगळा, गार पाण्यात, थोडाच वेळ भिजवायचा. सावलीत वाळवायचा. कडक पाण्यात रंग जास्त सुटतो. आणि डाग पडलेला कपडा वाळू द्यायचा नाही, लगेच परत धुवायचा. मी वाळवला, तिथंच चुकलो.

सर म्हणाले, सोलापूरच्या चादरीला सरकारचं भौगोलिक मानांकन आहे आणि तिथले बरेच विणकर तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत. एवढ्या लोकांची मेहनत मी एका दुपारी घालवली.

मामा मागच्या आठवड्यात आले. त्यांना आज्जीची वाकळ दिली. डागाची चादर मी पांघरतो. ताईची ओढणीही फिकी झाली आहे. तिच्यासाठी मी डब्यात पाच-पाच रुपये टाकतो आहे, आतापर्यंत पस्तीस झाले.

– इयत्ता चौथी, ईट