आजोबांचे पासबुक

कडेगाव, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील कित्येक घरांत गेल्या तीन-चार पिढ्यांपासून एक ठरलेली रीत आहे. घरातील कर्ता मुलगा सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी परमुलखात जातो. तामिळनाडूपासून आसामपर्यंतच्या सराफ पेठांत सांगली जिल्ह्यातील हे गलाई कारागीर भट्टीपुढे बसून जुने दागिने वितळवतात, धातू शुद्ध करून देतात, आणि यात्रेला, दिवाळीला, लग्नकार्याला गावी येतात. टेंभू योजनेचे पाणी शिवारात आल्यानंतरही हा ओघ आटलेला नाही, कारण व्यवसाय आता परमुलखातच स्थिरावला आहे. गावच्या घरी आजी-आजोबा असतात, आणि पुष्कळ वेळा नातवंडेही त्यांच्यापाशीच असतात. शाळेचा दाखला आजोबा आणतात, लस आजी टोचून आणते, तापात रात्रभर उशाशी तीच बसते. मुलीच्या नावाने चार पैसे बाजूला टाकायचे ठरले, तेव्हा पोस्टात जाऊन खातेही आजोबांनीच उघडले यात नवल ते काय?

दि. 22 जानेवारी 2015 रोजी पानिपत येथून सुकन्या समृद्धी योजनेचा प्रारंभ झाला. दहा वर्षांखालील मुलीच्या नावे उघडायचे हे खाते. वर्षाला किमान 250 आणि कमाल दीड लाख रुपये पंधरा वर्षे भरायचे, आणि खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी सर्व रक्कम मुलीच्या हाती यायची. या व्याजावर प्राप्तिकर नाही, मुदतीअंती मिळणाऱ्या रकमेवरही नाही. जानेवारी 2024 मध्ये या खात्याचा व्याजदर 8.2 टक्के करण्यात आला. तो कायम राहील असे गृहीत धरले, तर दरमहा हजार रुपये, म्हणजे पंधरा वर्षांत एक लाख ऐंशी हजार भरणाऱ्या घराच्या पदरी मुदतीअंती सुमारे साडेपाच लाख रुपये पडतात. सावकाराचे दार आणि बुडीत पतसंस्थांची कुलपे दोन्ही पाहिलेल्या या भागात सरकारी हमी असलेल्या अशा खात्याचे मोल शब्दांत सांगावे लागत नाही. पतसंस्थेतील ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण नसते, ही गोष्ट येथील अनेकांना ठेव बुडाल्यानंतरच कळली.

परंतु आजोबांनी उघडलेले हे खाते नियमात बसत नाही. योजनेच्या नियमांनुसार मुलीचे खाते तिच्या आई-वडिलांपैकी एकाने, किंवा ते हयात नसतील वा असमर्थ असतील तर कायदेशीर पालकाने उघडायचे असते. आजोबा हे कायद्याने नैसर्गिक पालक नव्हेत. सुरुवातीच्या उत्साहाच्या काळात अनेक ठिकाणी खिडकीवरच्या कारकुनानेही हे पाहिले नाही. आजोबा ओळखीचे, मुलगी समोर उभी, पैसे रोख, मग अडवायचे कशाला? अशी खाती देशभर उघडली गेली. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 21 ऑगस्ट 2024 रोजी अल्पबचतीच्या अनियमित खात्यांसंबंधी एक परिपत्रक काढले आणि त्यात या खात्यांचाही स्पष्ट उल्लेख केला. आजी-आजोबांच्या पालकत्वाखाली उघडलेल्या सुकन्या खात्यांचे पालकत्व हयात आई-वडिलांकडे किंवा कायदेशीर पालकाकडे हस्तांतरित करावे, असे ते परिपत्रक सांगते. एका कुटुंबात नियमबाह्य रीतीने दोनांहून अधिक खाती उघडली गेली असतील, तर वरची खाती बंद करण्याचाही आदेश त्यातच आहे. जुळ्या-तिळ्या मुलींसाठी नियमात सवलत आहे, ती वेगळी.

दोष कोणाचा, हा प्रश्न येथे गौण आहे. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. आपल्या समाजात पालकत्वाची कल्पना एकत्र कुटुंबातून आलेली आहे. ज्या घरात चुलता पुतण्याचे शिक्षण करतो आणि आजोबा नातीच्या लग्नाचा विचार तिच्या जन्मादिवशीच करतात, त्या घराला ‘तुम्ही या मुलीचे कोण?’ हा खिडकीवरचा प्रश्न टोचणारच. तथापि कायद्याला उत्तरदायी असा एकच माणूस हवा असतो, आणि त्यामागे कारण आहे. अज्ञान मुलाच्या पैशाचा हिशेब उद्या कोणाकडे मागायचा, हे निश्चित नसेल तर नुकसान त्या मुलाचेच होते. आजोबांचे प्रेम निःशंक असले, तरी त्यांच्या पश्चात ट्रंकेतील पासबुक कोणाच्या हाती पडेल, हे कोण सांगणार?

कायद्यातील पालकत्वाची व्याख्यासुद्धा एका बचतीच्या अर्जामुळेच तावून-सुलाखून निघाली, याचे येथे स्मरण व्हावे. 1984 साली लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेच्या 9 टक्के दराच्या रिलीफ बाँडसाठी अर्ज केला, आणि पालक म्हणून स्वतः सही केली. बँकेने वडिलांची सही मागितली. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून प्रथम पिता आणि ‘त्याच्यानंतर’ माता असे शब्द आहेत. त्या ‘नंतर’चा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा घ्यायचा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1999 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने निर्णय दिला, की पिता प्रत्यक्ष कारभार पाहत नसेल तर त्याच्या हयातीतही माता नैसर्गिक पालक ठरते. कडेगावच्या गलाई कुटुंबांना या निर्णयाचा संदर्भ किती जवळचा आहे! बाप वर्षातून दोनदा गावी येतो आणि मुलीचे सारे आई पाहते, अशी घरे येथे गल्लोगल्ली आहेत.

दुसरी अडचण परमुलखातूनच येते, आणि ती सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या पीपीएफच्या खात्याची आहे. 1968 पासून चालत आलेल्या या योजनेचे व्याजही करमुक्त आहे. एप्रिल 2020 मध्ये त्याचा दर 7.1 टक्के झाला. गावच्या पोस्टात खाते असलेला तरुण कोइमतूरला किंवा गुवाहाटीला स्थिरावतो. गावी जाऊन पैसे भरणे जमत नाही म्हणून तेथील बँकेत तो नवे खाते उघडतो. जुने खाते विसरले जाते. पण एका माणसाला स्वतःच्या नावे एकच पीपीएफ खाते ठेवता येते. 2024 च्या त्याच परिपत्रकानुसार अशा दोन खात्यांपैकी एक मुख्य मानले जाते. दुसऱ्यातील शिल्लक वार्षिक मर्यादेच्या अधीन राहून मुख्य खात्यात मिळवली जाते, आणि मर्यादेबाहेरची रक्कम बिनव्याजी परत केली जाते. तिसरे खाते असेल, तर त्यावर उघडल्या दिवसापासून शून्य व्याज. घाम गाळून साठवलेल्या पैशावर शून्य व्याज, तेही केवळ एक अर्ज न केल्यामुळे!

कारण या त्रासातून सुटण्याचा मार्ग पूर्वीपासून आहे. खाते बंद करायचे नाही, नवेही उघडायचे नाही; जुने खाते हलवायचे. पोस्टातून बँकेत अर्ज करून हलवलेले पीपीएफ खाते पूर्वीचेच खाते मानले जाते. त्याची पंधरा वर्षे मूळ तारखेपासूनच मोजली जातात, झालेली वर्षे वाया जात नाहीत. जुने कार्यालय खात्याचा उतारा, मूळ अर्ज, नामनिर्देशन, सहीचा नमुना आणि शिलकीचा धनादेश बँकेकडे पाठवते. बँक नव्याने ओळखपत्रे घेते आणि नवे पासबुक देते. सुकन्या खातेही देशात कोठेही, पोस्टातून बँकेत वा बँकेतून पोस्टात, असेच हलते. मुलांच्या नावे असलेल्या पीपीएफबाबत आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी, की स्वतःच्या आणि अज्ञान मुलाच्या खात्यात मिळून वर्षाला दीड लाखच भरता येतात. घरोघरी ही चूक होते.

नियम सोपा, पण माणूस परमुलखात आणि खाते कडेगावात, हे खरे दुखणे. पोस्टातून बँकेत खाते न्यायचे तर अर्ज मूळ पोस्टात द्यावा लागतो. दोन दिवस दुकान बंद, रेल्वेचा प्रवास, आणि त्या दिवशी ‘उद्या या’ असे उत्तर मिळाले तर पुन्हा पुढच्या दिवाळीला. पूर्वी पीपीएफच्या अर्जाची उठाठेव एजंट करून देत; 2011 च्या डिसेंबरपासून पीपीएफवरील त्यांचे कमिशन बंद झाले आणि तो दुवा तुटला. तो तोडण्यामागे सरकारच्या खर्चाचे कारण होते, पण खेड्यातील माणसाला कागद समजावून सांगणारे कोणी उरले नाही.

ब्रिटनमध्ये 1999 पासून करमुक्त बचतीची आयएसए नावाची खाती आहेत. तेथे खाते दुसऱ्या संस्थेत न्यायचे असेल तर ग्राहक फक्त नव्या संस्थेकडे अर्ज भरतो. जुन्याकडून पैसे मागवण्याचे काम नवी संस्था करते, आणि रोख बचतीच्या खात्यासाठी त्याला कामकाजाचे पंधरा दिवस ठरवून दिलेले आहेत. ग्राहकाने मधल्या मध्ये स्वतः पैसे काढले, तर मात्र करमुक्ततेचा लाभ हातचा जाऊ शकतो, म्हणून ‘काढू नका, हलवा’ असे तेथे वारंवार बजावले जाते. परदेशातील प्रत्येक गोष्ट अनुकरणीय नसते. पण ज्या टपाल खात्याची बचत बँक 1882 पासून खेड्यापाड्यांत उभी आहे आणि जिचे व्यवहार आज संगणकाने जोडलेले आहेत, तिला कोइमतूरच्या बँकेत दिलेला अर्ज कडेगावी पोहोचवणे अशक्य का असावे? अर्थ मंत्रालयाने अनियमितता शोधण्यात जी तत्परता दाखवली, तीच हस्तांतर सोपे करण्यात दाखवावी, ही मागणी अवास्तव नाही.

तोवर काम घरच्यांनाच करावे लागेल, आणि गलाई कुटुंबांसाठी त्याची वेळ ठरलेली आहे: मुलगा-सून यात्रेला वा दिवाळीला घरी येतील तो आठवडा. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी त्या आठवड्यात पोस्टमास्तरांशी बोलून एक दिवस मागून घेतला, दारोदार निरोप दिला, ज्यांना वाचता येत नाही त्यांचे अर्ज भरून दिले, तर वर्षभर अडलेली कामे दोन दिवसांत मार्गी लागतील. पासबुक, मुलीचा जन्मदाखला, आईचे किंवा वडिलांचे आधार व पॅन, दोन छायाचित्रे आणि खाते उघडलेल्या आजोबांची सही, एवढे बरोबर असावे. ज्या घरातील आजोबा आता नाहीत, तेथे मृत्यूचा दाखलाही न्यावा लागेल. मध्ये काही वर्षे किमान रक्कम भरायची राहून गेली असेल, तर त्या प्रत्येक वर्षाचे 250 रुपये आणि 50 रुपये दंड भरून खाते पुन्हा सुरू करून घेता येते. आणि वडिलांना गुवाहाटीहून येणे जमलेच नाही, तरी अडून राहण्याचे कारण नाही. नवे पालक म्हणून आईचे नाव चालते.