आजारी पाहुण्याचा मान

भाद्रपद लागला कीं गांवोगांवीं गौरी-गणपतीची धामधूम सुरू होते. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेलेलीं मुलें, सासरीं नांदणाऱ्या लेकी, दूरची भाऊकी, सारीं मूळ घरीं येतात. मराठवाड्यांत व वऱ्हाडांत ज्यांस महालक्ष्म्या म्हणतात त्या गौरी पुष्कळ ठिकाणीं भाऊकींतील एकाच घरीं बसतात, आणि त्यामुळें एरवीं आठ माणसांच्या घरांत तीन दिवस चाळीस माणसें जेवतात, निजतात व उठतात. हा मेळावा आम्हांस मनापासून प्रिय आहे. तो मोडावा असें सांगण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. तथापि त्या मेळाव्यांत न बोलावलेला एक पाहुणा दरसाल शिरतो, त्याविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें. तो पाहुणा म्हणजे ताप.

आम्ही वैद्य नव्हे. आमचें सारें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत, पाहणीपत्रकें व आणेवारीचे तक्ते लिहिण्यांत गेलें. तेव्हां रोगासंबंधानें ज्या गोष्टी डॉक्टर लोकांत सर्वमान्य आहेत तेवढ्याच आम्ही सांगूं. आमचें म्हणून जें मत मांडावयाचें आहे तें आपल्या रीतीभातीविषयीं आहे.

इन्फ्लुएंझा, ज्यास आपण फ्लू म्हणतों, हा विषाणूपासून होणारा रोग होय. आपल्या देशांत त्याचा जोर वर्षांतून बहुधा दोनदां होतो. एकदां पावसाळ्यांत, साधारण जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, व दुसऱ्यांदा हिंवाळ्यांत, जानेवारीपासून मार्चपर्यंत. पहिल्या फेरींत गौरी-गणपति सांपडतात. दुसरींत संक्रांत व लग्नसराई. म्हणजे ज्या काळांत आपण अधिक एकत्र जमतों, त्याच काळांत हा रोगहि फिरावयास निघतो. २००९ सालीं स्वाईन फ्लूनें भारतांत पहिला बळी घेतला तो पुण्यांत, ३ ऑगस्ट रोजीं. आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंत गणपति बसले. त्याहून मागें जावयाचें तर १९१८ सालची साथ आहे, जीस जुने लोक मानमोडी म्हणत. आजच्या भारताच्या हद्दींत १९११ च्या खानेसुमारींत सुमारें २५ कोटि २१ लक्ष लोक होते, ते १९२१ सालीं सुमारें २५ कोटि १३ लक्षच भरले. विसाव्या शतकांत लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली ती या एकाच दशकांत, आणि त्याचें मुख्य कारण ती साथ होय. ज्यानें जन्ममृत्यूचीं रजिस्टरें हाताळलीं आहेत त्यास या दोन आंकड्यांमागें किती घरांचीं दारें बंद झालीं असतील हें निराळें सांगावयास नको.

या रोगाची चाल मोठी कपटी आहे. खोकतांना, शिंकतांना, मोठ्यानें बोलतांना व आरती म्हणतांना आजाऱ्याच्या तोंडांतून जे सूक्ष्म तुषार उडतात त्यांबरोबर तो दुसऱ्याच्या नाकातोंडांत जातो. लक्षणें दिसण्याच्या सुमारें एक दिवस आधींपासून तों पुढें पांच ते सात दिवसपर्यंत आजारी मनुष्य तो दुसऱ्यास देऊं शकतो, व पहिल्या तीन-चार दिवसांत हा धोका अधिक असतो. ज्यास लागण होते त्यास एक ते चार दिवसांत ताप येतो. म्हणजे आवाहनाच्या दिवशीं घरांत शिरलेला रोग विसर्जन होऊन पाहुणे आपापल्या गांवीं पोंचल्यावर उघड होतो. आणि म्हणून तो कोणी आणला हें कोणाच्याच ध्यानीं येत नाहीं.

आतां आमच्याच घरची हकीकत सांगतों, कारण दुसऱ्याच्या चुकीचा दाखला देण्यापेक्षां स्वतःच्या चुकीचा देणें बरें. २०१७ सालची गोष्ट. त्या वर्षीं राज्यांत स्वाईन फ्लूचा जोर होता. गौरींच्या आवाहनाच्या आदल्या रात्रीं आम्हांस तालुक्याच्या गांवीं कणकण आली, अंग मोडून आलें, कोरडा खोकला लागला. आमच्या कुटुंबानें जाऊं नका म्हणून परोपरीनें विनविलें. परंतु घरांत थोरले आम्हीच; आरतीचें ताट आमच्या हातीं; न जावें तर भाऊकींत चार तोंडें चार गोष्टी बोलतील. तापाची गोळी घेतली, अंग थंड झालें, तेवढ्यावर एस. टी. धरली. तीन दिवस गोळ्यांवर काढले. सर्वांबरोबर एकाच पडवींत निजलों, लहान मुलें मांडीवर घेतलीं, पंचामृत आपल्या हातानें प्रत्येकाच्या तळहातावर घातलें.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं दोन मुलें तापलीं. पुढील चार दिवसांत घरांतील अकरा माणसें अंथरुणास खिळलीं. मूग तोडणीस आला होता. तोडणारे हात निजलेले, मजूरहि आजाऱ्याच्या घरीं येईनात. तशांत पावसाची झड लागली, आणि अडीच एकरांतील शेंगांनीं झाडावरच मोड धरले. तें नुकसान पुढें भरून निघालें. परंतु आमच्या थोरल्या काकू, वय ७६, यांस न्यूमोनिया होऊन जिल्ह्याच्या गांवीं दवाखान्यांत हलवावें लागलें. तपासणींत इन्फ्लुएंझाच निघाला. सतरा दिवसांनीं त्या घरीं आल्या. पण छातीचा भाता पूर्वीचा राहिला नाहीं. ज्या काकूंनीं चाळीस वर्षें गौरींच्या नैवेद्याचें पुरण एकहातीं घातलें, त्यांस पुढल्या सालीं चुलीपुढें बसवेना; भिंतीला टेकून त्या सुनांस नुसत्या सांगत राहिल्या. आम्हांस त्यांनीं एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. ताप आम्हींच नेला असें सिद्ध करणारा कागद कोणत्याहि दप्तरांत नाहीं. चाळीस माणसांत आणखीहि कोणी आजारी असेल. पण तारखा आम्हीं अनेकदां मांडून पाहिल्या, आणि प्रत्येक वेळीं बेरीज आमच्याच नांवावर पडली.

आम्हीं असें कां केलें? रोग लागट आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें काय? चांगलें ठाऊक होतें. आम्हांस जी भीति होती ती मानाची. न गेल्यास राग धरला असें म्हणतील, मोठेपणाचा ताठा आला म्हणतील, वांटणीचा जुना वाद उकरून काढतील. आणि यजमानाचीहि तीच अडचण. दारांत आलेल्या माणसास खोकतांना पाहून ‘बाबा, तूं परत जा’ असें कोणत्या तोंडानें म्हणावें? पाहुण्याला न येववत नाहीं व यजमानाला नको म्हणवत नाहीं. या दोन मानांच्या मध्यें घरांतील म्हातारीं माणसें व तान्हीं लेंकरें चिरडलीं जातात.

वाचकांनीं आपल्या गोठ्याकडे पाहावें. बैलास लाळ्या-खुरकूत झाली तर आपण त्यास ताबडतोब वेगळा बांधतों, त्याची वैरण-पाणी निराळी करतों, बाजारास नेत नाहीं. २०२२ सालीं जनावरांत लंपी रोग पसरला तेव्हां राज्यांतील गुरांचे बाजार बंद ठेवण्यांत आले, व आपण तें निमूटपणें सोसलें. भेंडीवर केवडा दिसला कीं रोगट झाड उपटून टाकतों; त्या झाडाचा अपमान झाला असें कोणी म्हणत नाहीं. हे सारे विषाणूचेच रोग होत. कळप राखावयाचा तर आजारी जनावर दूर ठेवावें एवढें ज्यास कळतें, तोच शेतकरी स्वतः तापानें फणफणत असतां पंगतींत मध्यभागीं जाऊन बसतो, ही मोठ्या नवलाची गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, ‘आपल्या वाडवडिलांनीं असला भित्रेपणा कधीं केला नाहीं.’ हें खरें नव्हे. ज्या घरीं देवी, गोवर किंवा कांजिण्या येत त्या घराच्या दारास लिंबाचा डहाळा बांधीत, आणि तो पाहून आल्या पावलीं माघारें फिरण्यांत कोणास अपमान वाटत नसे. शिवाय सुतकाचा विचार करा. ज्यास सुतक आहे तो गौरींच्या घरीं येत नाहीं. त्याविषयीं कोणी रुसत नाहीं, कोणी खुलासा मागत नाहीं. ‘सुतक आहे’ एवढ्या दोन शब्दांत सर्व मिटतें. न येण्याची प्रतिष्ठित वाट आपल्या रीतींत पूर्वींपासून आहे. त्या वाटेवर ताप-खोकल्यासहि जागा द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.

दुसरे कोणी म्हणेल, ‘देवाच्या कार्यांत रोग लागत नाहीं.’ २०२० सालीं कोरोनाच्या साथींत आषाढीस ज्ञानेश्वर-तुकोबांच्या पादुका एस. टी. गाडीनें पंढरपुरास गेल्या व लाखों वारकरी घरीं राहिले. त्यांची भक्ति त्यामुळें उणी झाली असें म्हणण्याची आमची तरी छाती नाहीं.

तेव्हां या बाबतींत प्रत्येक घरानें पुढील गोष्टी पाळाव्या असें आम्ही सुचवितों.

पहिली गोष्ट आमंत्रणाची. घरच्या कर्त्या माणसानें निरोप देतांनाच मोकळेपणानें सांगावें कीं, कोणास ताप, खोकला अगर जुलाब होत असल्यास त्यानें घरींच राहावें, त्याचें ताट घरपोंच येईल. हा शब्द आधींच गेला म्हणजे पुढें कोणास संकोच पडत नाहीं.

दुसरी गोष्ट आजाऱ्याची. गोळीनें अंग थंड होतें, पण लागण थांबत नाहीं. गोळी न घेतां पूर्ण एक दिवसरात्र ताप नसेल तरच घराबाहेर पडावें. खोकला राहिला असल्यास त्यानंतरहि तोंडास पट्टी बांधावी व म्हाताऱ्यांपासून आणि तान्ह्यांपासून दूर बसावें.

तिसरी गोष्ट जागेची. पावसामुळें दारें-खिडक्या लावून एका खोलींत दाटी करूं नये. वारा खेळता ठेवावा, पंगत ओटीवर किंवा मांडवाखालीं घ्यावी. वृद्ध, गरोदर स्त्रिया, पांच वर्षांच्या आंतील मुलें, तसेंच दमा, मधुमेह व हृदयविकार असलेलीं माणसें यांस हा रोग जड जातो. त्यांची निजण्याची सोय निराळी करावी.

चौथी गोष्ट हात व पाण्याची. साबणानें हात वीस सेकंद चोळून धुवावे. जुलाबाच्या कित्येक विषाणूंवर बाटलींतलें हात पुसण्याचें औषध फारसें चालत नाहीं. तेथें साबण व वाहतें पाणीच कामाचें. पावसाळ्यांत दूषित पाण्यांतून कावीळ पसरते, व तिचा एक प्रकार गरोदर स्त्रियांस फार घातक आहे. म्हणून विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकावी, पिण्याचें पाणी उकळावें, आणि तीर्थ-पंचामृत निरोगी माणसानें स्वच्छ पळीनें द्यावें.

पांचवी गोष्ट औषधोपचाराची. फ्लूची लस दरसाल घ्यावी लागते, व तिचा गुण येण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. घरांत वृद्ध असतील तर डॉक्टरांस विचारून श्रावणांतच ती घ्यावी. तापावर दुकानांतून अँटिबायोटिक आणून खाऊं नये. विषाणूवर त्याचा उपयोग होत नाहीं. फ्लूवर निराळें औषध आहे, पण तें पहिल्या दोन दिवसांत सुरू झाल्यास अधिक गुण देतें. धाप लागणें, छातींत दुखणें, ओंठ निळसर पडणें, ग्लानि येणें, मुलानें दूध-पाणी सोडणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास आरतीची वाट न पाहतां दवाखाना गांठावा.

यांपैकीं शेवटच्या चार गोष्टी आरोग्यसेविका तुम्हांस सांगतच असतात. पहिली मात्र कोणताहि सरकारी नोकर सांगूं शकणार नाहीं. ती घरच्या वडीलधाऱ्यांनींच सांगितली पाहिजे, आणि त्यांनीं आधीं स्वतः पाळली पाहिजे. आमच्या सोसायटीच्या श्रावणांतील सभेंत प्रत्येक सभासदानें ही गोष्ट आपल्या भाऊकींत बोलून ठेवण्याचें ठरविल्यास फार मोठें काम होईल, व त्यास पैचाहि खर्च नाहीं.

२०१८ सालीं गौरीपूजनाच्या दिवशीं आमच्या धाकट्या भावास ताप होता. तो शेतांतल्या वस्तीवरच राहिला व तसा निरोप धाडला. घरांत क्षणभर कुजबुज झाली. तेवढ्यांत भिंतीला टेकून बसलेल्या काकूंनीं सुनेस सांगितलें, ‘नैवेद्य दाखवून झाला कीं पहिलें ताट त्याचें वाढ. तो आला नाहीं म्हणून आपण सारीं बसलों आहों.’ तें ताट आम्हीं स्वतः वस्तीवर नेऊन ओट्याच्या कडेस ठेवलें, आणि दुरूनच त्याची विचारपूस करून परत आलों.

आजारी पाहुण्याचा याहून मोठा मान आम्हांस ठाऊक नाहीं. यंदाच्या भाद्रपदांत प्रत्येक घरानें आपलें पहिलें ताट असेंच राखून ठेवावें, अशी आमची सर्व शेतकरी बंधूंस नम्र विनंति आहे.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून