डोहाचं नाव

आमच्या जबलपूरच्या गळवाल्या मंडळींत सध्या एक भांडण चालू आहे आणि त्यात मी अल्पमतात आहे. तरुण मित्रांना नर्मदेचा आणि तिच्या उपनद्यांचा एक नकाशा छापायचा आहे: बाडस कुठल्या डोहात, कुठल्या महिन्यात, कुठल्या फ्लायला लागतो. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. बाडस म्हणजे महसीर, 2011 पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा. मित्रांचं म्हणणं असं, की नदी कुणाच्या बापाची नाही, जागा लपवणं ही साहेबी सवय आहे. मी म्हणतो, हा नकाशा छापू नका.

साहेबांवरचा आरोप तर साफ चुकीचा. साहेबाने कुठे काय लपवलं? मद्रासचे सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 1873 साली 'द रॉड इन इंडिया' छापलं, ते इतरांनीही गळ घेऊन नदीवर जावं म्हणूनच. छापणं हीच साहेबी सवय. लपवत होते ते केवट आणि ढीमर. ते तरी कशाला लपवतील म्हणा, त्यांना कुणी विचारलंच नाही.

मित्रांचा दुसरा मुद्दा मात्र जड आहे. त्यांनी अमृतलाल वेगडांचं नाव काढलं, आणि जबलपुरात ते नाव काढलं की समोरचा गप्प होतो. 1977 साली वेगडजी इथून मंडल्याकडे चालत निघाले. वाटेतले घाट, गावं, माणसं त्यांनी लिहून आणि रेखाटून ठेवली. पुढे बरगीचं धरण झालं आणि त्या वाटेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्यांनी लिहिलं म्हणून ती वाट आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हाच्या गळवाल्यांनी आपले डोह मनात ठेवले, ते डोह बिननावाचे बुडाले. मग लिहून ठेवणं चांगलं की न लिहिणं?

मी दोन दिवस याचं उत्तर शोधत होतो. बरगीत 162 गावं बाधित झाली. त्यांची नावं सरकारी कागदावर होती, नकाशावर होती, मोर्च्यांतून पुकारली गेली. नाव ठाऊक असल्याने एकही गाव वाचलं नाही. म्हणजे नाव छापलं की राखण आपोआप होते, हा समज सोडायला हवा. आणि वेगडजी नदीकाठून गेले ते स्केचबुक घेऊन. त्यांच्या मागोमाग कुणी त्या घाटावर गेलं तर घाटाचं काही कमी होत नाही. डोहाचं होतं.

कसं, ते सांगतो. पावसाळ्यात महसीर प्रवाहाविरुद्ध चढतो. उन्हाळ्यात बुढनेर-बंजरसारख्या नद्यांची धार बारीक होते, खडक उघडे पडतात, आणि लांबच्या पट्ट्यातले मोठे मासे दोन-चार खोल डोहांत गोळा होतात. हा मासा सावकाश वाढतो. हाताएवढा मासा म्हणजे कित्येक वर्षं. अशा डोहाचा पत्ता म्हणजे एका जागेचा पत्ता नव्हे, अख्ख्या पट्ट्याच्या तिजोरीची किल्ली.

ही किल्ली मी एकदा दिलेली आहे. काही वर्षांपूर्वी माझा एक फोटो छापून आला, हातात बाडस, खाली डोहाचं नाव. मासा सोडून दिल्याचा अभिमानही त्याच ओळीत होता. पुढच्या हिवाळ्यात तिथे दोन जीपा आल्या, नंतर पाच. ते निदान गळवाले होते. त्यानंतरच्या वैशाखात कुणीतरी रात्री जिलेटिनच्या कांड्या टाकल्या. ते माझा फोटो पाहूनच आले, असं शपथेवर सांगता येणार नाही. सकाळी काठाला आलेले मासे मोजायचा धीर झाला नाही. ज्या केवटाने मला तो डोह दाखवला होता, तो एवढंच म्हणाला, "भैया, हमने तो आपको दिखाया था." 'आपको'वरचा तो जोर मला अजून ऐकू येतो.

स्फोटकाने मासे मारायला बंदी आहे. 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारीच बंद असते. कायदा आहे, वैशाखातल्या रात्री त्या डोहावर कुणी नसतं, एवढंच.

हिमाचलात तीर्थन नदीच्या ट्राउटचे पत्ते खुशाल छापा. तो मासा बाहेरून आणलेला, हॅचरीत वाढवून नदीत सोडतात. 'महसीरही हॅचरीत होतो की,' असं कुणी म्हणेल. होतो. लोणावळ्यात वाढवलेला महसीर कावेरीत सोडला गेला आणि तिथला मूळचा, पाठीला कुबड असलेला महसीर मागे हटत गेला. 2018 पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

आणि उलटं उदाहरणही आहे, ते मीच देतो. महाड तालुक्यात काळ नदीवरचा वाळणकोंड सगळ्यांना ठाऊक आहे. लोक येतात, माशांना खायला घालतात. मासे तिथे आहेत, कारण डोह देवीचा आहे आणि गाव गळ टाकू देत नाही. तिथे नाव लपवायची गरजच नाही. आमच्या नकाशातल्या किती डोहांना असा राखणदार आहे? मी विचारलं, तेव्हा कुणी बोललं नाही.

राहिला अभ्यासाचा प्रश्न. नर्मदेच्या महसीरापुढे जागतिक यादीत 'माहिती अपुरी' असा शेरा आहे, आणि त्यात आमच्या गप्प बसण्याचाही वाटा असेल. तो आरोप मला मान्य आहे. म्हणून माझ्या वहीतले सात डोह, तारखा आणि माशांची मापं मी एका मत्स्य-अभ्यासकाला लिहून दिली आहेत. अभ्यासकाला सांगणं आणि चौकात फलक लावणं यांत फरक आहे.

नकाशाचा मसुदा तयार आहे म्हणतात. माझे सात डोह त्यात नाहीत. उरलेले रकाने मित्रांनी त्या त्या काठावरच्या केवटांना विचारून भरावेत, आणि विचारताना ते कशासाठी हवेत हेही सांगावं.