जाळणाऱ्याला दंड, विकणाऱ्याला अभय

निकामी संगणक, दूरदर्शन संच, चार्जर यांच्या तारा उघड्यावर जाळल्या जातात त्या आतल्या तांब्यासाठी. वेष्टन सोलण्यात दिवस जातो. काडी लावली की काम घटकेत उरकते. धुरातून डायॉक्सिनसारखी विषे निघतात, जोडकामातले शिसे राखेबरोबर मातीत उतरते. हे विष सर्वांआधी भरते ते जाळणाऱ्याच्याच छातीत. आणि त्याच्यासाठी स्थानिक प्रशासनापाशी काय आहे? पावतीपुस्तक! राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळण्यास ५,००० रुपये दंड ठरविला. तो वसूल झाला की आग फक्त जागा बदलते.

वस्तुतः अहिल्यानगर महापालिका असो, संगमनेर-श्रीरामपूरच्या नगरपालिका असोत वा एखादी ग्रामपंचायत, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांनी त्यांच्यावर निराळेच काम सोपविले आहे : हा कचरा वेगळा काढणे, गोळा करणे आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्याकडे पोचविणे. त्याला दंडुका लागत नाही. गोदाम, वजनकाटा आणि तार सोलण्याचे यंत्र लागते.

पैसा कोठून आणावयाचा, हा नेहमीचा प्रश्न. ज्यांनी माल विकून नफा कमावला त्यांच्याकडून, हे त्याचे सरळ उत्तर. पुनर्चक्रणाचा भार कायद्याने उत्पादकांवरच टाकला आहे. त्यासाठी किलोमागे किमान २२ रुपये मोजावे लागणार म्हणताच डायकिन, सॅमसंग यांसारख्या बलाढ्य कंपन्यांनी २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालय गाठले. तार जाळणाऱ्याला मात्र दंडाविरुद्ध वकील परवडत नाही. कारखान्याला मिळणाऱ्या या पैशातला वाटा पालिकांनी दर ठरवून, करार करून गोळा करणाऱ्यांच्या पदरात पाडला पाहिजे. शिवाय न जळलेल्या लखलखीत तांब्याला जळक्या तांब्याहून चढा भाव असतो. यंत्राचा खर्च त्यातूनही भागेल.

हे काम ठेकेदाराच्या घशात घालू नये. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना निघाला, तेथे भंगार वेचणाऱ्यांची सहकारी संस्था का निघू नये? (सहकार म्हणजे केवळ ऊस, अशी समजूत असल्यास गोष्ट वेगळी.) अशा श्रमिकांची नोंदणी करणे, त्यांचे गट बांधणे हे त्याच नियमांनुसार राज्य शासनाचेही काम आहे.

येत्या अंदाजपत्रकात गोदामासाठी आणि यंत्रासाठी किती रक्कम धरली आहे, याचा जाब कार्यकर्त्यांनी प्रत्येक पालिकेत विचारावा. आणि भंगारवाल्यांच्या नोंदणीचे अर्ज वस्त्यांत जाऊन, त्यांच्यासोबत बसून भरावेत.