गाणी बिघडली की ऐकणारा बदलला?

अजय-अतुल यांच्या चाहत्यांमध्ये गेली काही वर्षे एक वाद सुरू आहे आणि तो मिटायची चिन्हे नाहीत. एका गटाच्या मते ‘अगं बाई अरेच्चा’, ‘जोगवा’, ‘नटरंग’ आणि फार तर ‘सैराट’, इथपर्यंतच खरे अजय-अतुल. पुढचे सगळे म्हणजे त्याच मसाल्याची पातळ भाजी. दुसरा गट विचारतो, ‘झुंड’, ‘चंद्रमुखी’, ‘वेड’, ‘महाराष्ट्र शाहीर’ नीट ऐकलेत तरी का? २०१८ मधल्या ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ आणि ‘झिरो’ या हिंदी चित्रपटांचा विषय निघाला की पहिल्या गटाला आणखी जोर चढतो. आमच्या कुडव्यातही टपरीवर चहा घेताना, लग्नाच्या मांडवात किंवा गणपतीच्या तयारीत कुणीतरी ‘भाऊ, आता ती मजा नाही’ म्हणतो आणि अर्धा तास सहज जातो.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे वाटेल. कारण ‘मजा नाही’ ही तक्रार आम्ही डॉक्टर रोज ऐकतो. जेवणात चव नाही म्हणणाऱ्याचा स्वयंपाक आम्ही तपासत नाही, आधी त्याची जीभ बघतो. गाण्याबाबतही तसेच करावे, असे माझे मत आहे. गाणे हे गाणाऱ्याच्या गळ्यापासून ऐकणाऱ्याच्या मेंदूपर्यंतचा प्रवास असतो आणि त्यातला अर्धा रस्ता आपल्या डोक्यात आहे. निकाल देण्यापूर्वी तो अर्धा रस्ता तपासायला हवा.

विशीतली गाणी

पहिली गोष्ट स्मृतीची. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात इतर काळापेक्षा जास्त घट्ट बसतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसून आले आहे. गाण्यांबाबत तर हे फारच ठळक आहे. १९८९ मध्ये हॉलब्रुक आणि शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी १६ ते ८६ वर्षे वयाच्या लोकांना वेगवेगळ्या काळातली गाणी ऐकवली. माणसांना सर्वाधिक आवडली ती आपण साधारण तेवीस-चोवीस वर्षांचे असतानाची गाणी. नेमके वय सगळीकडे तेच निघेल असे नाही, पण तरुणपणाचा कल स्पष्ट आहे.

म्हणजे २०१० मध्ये ‘नटरंग’ आला तेव्हा जो कॉलेजात होता, त्याच्यासाठी ती गाणी म्हणजे एसटीचा प्रवास, मित्र, पहिले प्रेम आणि पहिली नोकरी. ‘वेड’ आला तेव्हा त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता होता. दोन्ही चित्रपटांच्या गाण्यांची तुलना करताना तो नकळत आपल्या दोन वयांची तुलना करतो. माझ्या वयाच्या मंडळींना तर ‘नटरंग’ही नवाच वाटतो. आमची सुई सुधीर फडके आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्यावर अडकलेली असते. आज ‘वेड’ची गाणी तोंडपाठ असलेली नववीतली मुलगी वीस वर्षांनी तिच्या मुलांना हेच ऐकवणार आहे, ‘आमच्या वेळचे अजय-अतुल खरे!’

पुन्हा ऐकल्याशिवाय गोडी नाही

दुसरी गोष्ट सवयीची. रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली, एवढ्यानेच ती आवडू लागते. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये २०११ मध्ये झालेल्या अभ्यासात आवडते गाणे ऐकणाऱ्यांचे मेंदू तपासले गेले. गाण्यातली सर्वांत आनंदाची जागा येण्याच्या काही क्षण आधीच मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवू लागलेले दिसले. थोडक्यात, आनंदातला मोठा वाटा वाट पाहण्यात असतो आणि वाट पाहायची तर पुढे काय येणार ते ठाऊक असावे लागते.

‘जोगवा’ची गाणी आपण सीडीवर, रेडिओवर, बसमध्ये, लग्नात शेकडो वेळा ऐकली. नवे गाणे ऐकतो ते मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर, रीलमधले तीस सेकंद, तेही अंगठा पुढे सरकण्याच्या तयारीत असताना. ही स्पर्धा बरोबरीची नाही.

रक्तदाबाचा धडा

तिसरी गोष्ट संख्याशास्त्राची आहे, पण ती दवाखान्यात रोज दिसते. पहिल्या तपासणीत रक्तदाब फारच जास्त आलेल्या अनेक रुग्णांचा आकडा दुसऱ्या वेळी औषध न देताही थोडा खाली येतो. टोकाच्या आकड्यानंतरचा आकडा बहुधा सरासरीच्या जवळ सरकतो. फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकातच हे मांडले होते. म्हणून एका मोजणीवर आम्ही सहसा आयुष्यभराच्या गोळ्या लावत नाही.

‘जोगवा’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’ने २०१६ मध्ये भाषेच्या सीमा ओलांडल्या. असे शिखर एकदा गाठले की पुढचे काम त्यापेक्षा खाली दिसणे जवळजवळ ठरलेलेच. याला उतरती कळा म्हणता येत नाही. शिवाय जुन्या काळातली जी गाणी साधारण होती, ती आपण कधीच विसरून गेलो. जुन्यातले निवडक आणि नव्यातले सरसकट, अशी तुलना केली तर जुनेच जिंकणार.

‘शब्दच कळत नाहीत’

आता मी मुद्द्यावर येतो, कारण इथे खरे नुकसान होऊ शकते. नव्या गाण्यांबद्दल चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाची ठरलेली तक्रार असते, ‘वाद्यांचा गोंगाट फार, शब्दच कळत नाहीत.’ कान-नाक-घसा विभागातल्या डॉक्टरांना हे वाक्य चांगलेच ओळखीचे आहे. ऐकू कमी येऊ लागलेला माणूस ‘मला ऐकू येत नाही’ असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आवाज येतो, पण लोक स्पष्ट बोलत नाहीत.’

वयाने किंवा गोंगाटाने होणारी श्रवणहानी बहुतेकदा वरच्या पट्टीपासून सुरू होते. कानातल्या शंखाकृती भागात केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. उंच स्वर पकडणाऱ्या पेशी आधी निकामी होतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. ढोलाचा ठेका पूर्वीसारखाच छातीवर आदळतो, पण घुंगरू, टाळ आणि व्हायोलिनची धार बोथट होते. त्याबरोबर स, श, फ, थ, ख अशी हलकी व्यंजने निसटतात. अजय-अतुल यांच्या रचनांत मोठा वाद्यवृंद आणि भरपूर ताल असतो. अशा भरलेल्या गाण्यात शब्द पकडायला कान तल्लख लागतो.

मग त्यांचीच जुनी गाणी स्पष्ट कशी ऐकू येतात? कारण ती पाठ आहेत. कानाने सोडलेली अक्षरे मेंदू आठवणीतून भरून काढतो आणि आपल्याला ती ऐकू आल्यासारखी वाटतात. नव्या गाण्यात भरायला आठवणच नसते. त्यामुळे एकाच संगीतकारांची जुनी गाणी लख्ख आणि नवी गढूळ वाटू लागतात. दोष संगीतकाराच्या पदरात टाकला जातो आणि कान तपासायचे राहून जातात.

आपल्या भागात हा धोका मोठा आहे. गोंदिया म्हणजे राईस मिलचा जिल्हा. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल, तर तिथला आवाज साधारण ८५ डेसिबलच्या पुढे आहे असे समजावे. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे काम केलेल्यांनी दरवर्षी श्रवण चाचणी करायला हवी आणि मालकांनी कानाला लावायची साधने द्यायला हवीत. त्यात लग्नसराईचा आणि मिरवणुकीचा डीजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत चालतो, ९० डेसिबलचा फक्त ४ तास आणि १०० डेसिबलचा जेमतेम २० मिनिटे. डीजेच्या भिंतीजवळ रात्रभर नाचणारा विशीतला मुलगा कित्येक आठवड्यांचा कोटा एका वरातीत संपवतो. ‘झिंगाट’वर नाचायला माझी हरकत नाही, स्पीकरला चिकटून नाचायला आहे.

श्रवणहानीकडे दुर्लक्ष केले तर गाण्यांपुरतेच बिघडत नाही. माणूस चारचौघांत बसणे टाळतो, फोन टाळतो, घरच्यांवर चिडतो, एकटा पडतो. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ गटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत मध्यम वयातली श्रवणहानी वरच्या क्रमांकावर आहे. श्रवणयंत्र लावले की स्मृतिभ्रंश हमखास टळतो, असे मात्र कुणी सांगू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत सरसकट सगळ्या ज्येष्ठांना तसा फायदा दिसला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र तीन वर्षांतली बौद्धिक घसरण जवळपास निम्म्याने कमी झाली. माणसांत पुन्हा मिसळता येणे हा फायदा तर उघडच आहे. तरी चष्मा मिरवणारे आपण श्रवणयंत्र लपवतो.

जुनेही नकोसे झाले तर?

आणखी एक शक्यता आहे. नवी गाणी आवडत नाहीत, इथपर्यंत ठीक. पण ज्या जुन्या गाण्यांवर जीव होता तीही ऐकावीशी वाटेनाशी झाली, आणि त्याबरोबर झोप, भूक, गप्पा, काम यांतलाही रस दोन आठवड्यांहून जास्त काळ गेला असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. आपल्याकडे ‘वय झाले’ म्हणून हे झाकले जाते. त्यावर उपचार आहेत. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावे किंवा टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा.

मग टीका करायचीच नाही का?

जरूर करावी. ‘धडक’मध्ये ‘झिंगाट’ पुन्हा आले, ‘कोंबडी पळाली’ची चाल ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झाली, हे ऐकून कुणाला तोच तो पणा जाणवला तर तो कानाचा दोष नव्हे. संगीतकारही माणसेच आहेत, त्यांचेही काम कधी कमी-जास्त उतरणार. सगळा दोष श्रोत्यावर ढकलण्याचा माझा हेतू नाही. पण निदान करण्यापूर्वी तपासणी हवी, एवढा आग्रह आहे.

घाईच्या निकालाने काय होते, ते राहुल देव बर्मन यांच्याबाबत दिसले. ऐंशीच्या दशकात अनेकांनी त्यांना संपलेले ठरवले. जानेवारी १९९४ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी आलेल्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’च्या संगीताने तो निकाल खोडून काढला. दाद ऐकायला ते नव्हते.

तेव्हा वाद घालणाऱ्यांसाठी माझी साधी चिठ्ठी अशी. ज्या चित्रपटाची गाणी आवडली नाहीत, ती तीन वेगवेगळ्या दिवशी, पूर्ण, शांत खोलीत, मध्यम आवाजात ऐका. शब्द कळत नसतील तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला तेच गाणे त्याच आवाजात ऐकवा. त्यालाही कळले नाहीत तर तक्रार गाण्याची. त्याला कळले आणि तुम्हाला नाही, तर तक्रार कानाची असू शकते. टीव्हीचा आवाज वाढवण्यावरून घरात भांडण होत असेल, कानात सतत गुणगुण असेल किंवा गर्दीत बोलणे समजत नसेल, तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा. कधी कानात नुसता मळ निघतो आणि प्रश्न तिथेच संपतो. गरज वाटल्यास ऑडिओमेट्री करतात. ती दुखत नाही आणि फार वेळही घेत नाही. अचानक एका कानाने ऐकू येणे बंद झाले, तर मात्र त्याच दिवशी या. तिथे उशीर महागात पडतो.

एवढे करूनही ‘नटरंग’च श्रेष्ठ वाटला तर बिनधास्त तसे म्हणा. ते मत तपासून घेतलेले असेल.